युरेनियमच्या कारखान्याची जागा साफ करतात म्हणजे काय करतात?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत सिनसिनाटी येथे राहतो. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जवळच्या फर्नाल्ड प्रिझर्व्हमध्ये पक्षी पाहायला जातो. तेथे पूर्वी युरेनियमचा कारखाना होता, असे अलीकडेच कळले. ती जागा खरोखर साफ झाली आहे का? मुलांना तेथे नेणे योग्य आहे का?
— एक वाचक, सिनसिनाटी

उत्तर : आखून दिलेल्या पायवाटांवरून फिरण्यासाठी मुलांना अवश्य न्या; त्यात काळजीचे कारण नाही. जमिनीत किती युरेनियम शिल्लक राहिलेले चालेल, ही मर्यादा ठरवतानाच तेथे लोक फिरायला येतील, असे गृहीत धरले होते. मात्र त्या जागेवर घर बांधण्यास, शेती करण्यास आणि तेथील भूजल पिण्यासाठी उपसण्यास मनाई आहे.

सुमारे १,०५० एकरांचा हा परिसर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९५१ मध्ये कारखान्यासाठी घेतला. येथे अण्वस्त्रे तयार होत नसत. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या हॅनफर्ड आणि सव्हाना रिव्हर येथील अणुभट्ट्यांना लागणारे युरेनियम धातूचे गाभे येथे घडवले जात. पाण्याच्या टाकीवरच्या, पशुखाद्याच्या एका कंपनीच्या चिन्हाची आठवण करून देणाऱ्या लाल-पांढऱ्या चौकड्यांमुळे आणि ‘फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर’ या नावामुळे (‘फीड’ म्हणजे पशुखाद्यही) आसपासच्या अनेकांना हा पशुखाद्याचा कारखाना वाटत असे. १९८४ मध्ये धूळ अडवणारी यंत्रणा निकामी होऊन युरेनियमची धूळ हवेत सुटल्याचे उघड झाले आणि त्याच सुमारास दक्षिणेकडील तीन खासगी विहिरींत युरेनियम उतरल्याचेही लोकांना समजले. विहिरींची ही गोष्ट अधिकाऱ्यांना १९८१ पासून ठाऊक होती. त्यांतल्या एका विहिरीचे पाणी पिणाऱ्या लिसा क्रॉफर्ड यांनी पुढे रहिवाशांच्या संघटनेचे नेतृत्व केले. रहिवाशांनी दाखल केलेला दावा १९८९ मध्ये ७ कोटी ८० लाख डॉलरवर मिटला आणि त्याच वर्षी उत्पादनही थांबले. माझ्या मते युरेनियम सांडण्यापेक्षाही ती तीन वर्षे गप्प राहणे अधिक गंभीर होते, कारण त्या काळात माणसे ते पाणी पीत होती.

आता मातीविषयी. मातीतून येणारे गॅमा किरण टिपणारे सोडियम आयोडाइडचे संवेदक ट्रॅक्टरवर बसवून तो शेतात नांगर फिरवावा तसा संथपणे जमिनीवरून फिरवत आणि उपग्रहाच्या साह्याने प्रत्येक मोजणीची जागा नोंदवत. ज्या मातीत किलोमागे ८२ मिलिग्रॅमहून अधिक युरेनियम आढळे, ती खणून काढत. त्यांपैकी किलोमागे १,०३० मिलिग्रॅमपर्यंत युरेनियम असलेली माती तेथेच पुरायची आणि त्याहून अधिक असलेली राज्याबाहेर पाठवायची, असा नियम होता. खणून झाल्यावर पुन्हा मोजणी करत, आणि आकडा मर्यादेखाली आला नाही तर आणखी खोल खणत. या साऱ्या कामासाठी सुमारे ४.४ अब्ज डॉलर खर्च आला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

कुंपणापलीकडची ती लांबलचक गवताळ टेकडी तुम्ही पाहिली असेल. ती नैसर्गिक नाही. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि खणून काढलेली माती मिळून सुमारे २२ लाख घनमीटर ऐवज तिच्या पोटात आठ कप्प्यांत ठेवलेला आहे. खाली चिकणमाती आणि प्लास्टिकच्या जाड चादरी यांचे सुमारे पाच फुटांचे अस्तर आहे, तर वर सुमारे नऊ फुटांचे आच्छादन आहे. अस्तरातून झिरपणारे पाणी गोळा करून तपासले जाते. त्या टेकडीवर जायचे नाही, एवढे मुलांना समजावून सांगा.

प्रश्न : किरणोत्सारी माती आणि कचरा पुरून ठेवण्याऐवजी तो जाळून किंवा रसायने वापरून निकामी का करत नाहीत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जाळल्याने किंवा आम्लात विरघळवल्याने अणूंची एकमेकांशी असलेली जोडणी बदलते, अणूचे केंद्रक मात्र जसेच्या तसे राहते आणि किरणोत्सार केंद्रकातूनच होतो. त्यामुळे युरेनियम जाळले तरी राखेतले युरेनियम तेवढेच किरणोत्सारी असते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, तर युरेनियमच्या खनिजातच आढळणारा रेडियम-२२६ हा किरणोत्सारी धातू निम्मा होण्यास सुमारे १,६०० वर्षे. माणसाच्या हातात राहते ते एवढेच, की तो पदार्थ एका जागी बांधून ठेवायचा आणि हवा, पाणी व माणूस यांच्यापासून दूर ठेवायचा.

हे बांधून ठेवणे किती कठीण असते, ते फर्नाल्डच्याच दोन सायलोंवरून, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाक्यांवरून दिसते. तेव्हाच्या बेल्जियन काँगोतील अतिसमृद्ध खनिजातून युरेनियम काढून घेतल्यानंतर उरलेला, रेडियमने भरलेला गाळ १९५० च्या दशकात काँक्रीटच्या या प्रचंड सायलोंत साठवला गेला. रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या किरणोत्साराचा पुढे अभ्यास झाला तेव्हा सर्वांत मोठा वाटा युरेनियमच्या धुळीचा नसून सायलोंतून निसटणाऱ्या या रेडॉनचा असल्याचे दिसले. सायलोंच्या भिंती आणि छत जीर्ण होत होते, त्यामुळे गाळ आहे तेथेच सोडणे शक्य नव्हते. प्रथम तो वितळवून काचेत बंदिस्त करण्याचा प्रयोग झाला. पण डिसेंबर १९९६ मध्ये चाचणीच्या भट्टीतून वितळलेली काच गळाली आणि तो मार्ग सोडावा लागला. शेवटी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ सैल करून टाक्यांत खेचला, त्यात सिमेंट आणि औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळली आणि तो पोलादी पिंपांत थिजवला.

हे काम चालू असताना आतली हवा कोळशाच्या थरांतून ओढली जात होती. रेडॉन कोळशाला चिकटून राहतो आणि तो निम्मा होण्यास चारच दिवस लागत असल्याने, काही आठवडे अडवून धरला की बहुतेक सगळा तेथेच संपतो. निव्वळ थांबण्याने धोका संपावा, असे या संपूर्ण कामात एवढ्या एकाच ठिकाणी घडले.

प्रश्न : एका ठिकाणचा कचरा उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे आपले दुखणे दुसऱ्याच्या गळ्यात मारणे नव्हे काय? हे ठरवते कोण?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हाच प्रश्न फर्नाल्डच्या रहिवाशांनी स्वतःला विचारला, आणि म्हणूनच मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते. १९९३ मध्ये रहिवासी, कामगार आणि स्थानिक प्रतिनिधी यांची एक सल्लागार समिती नेमली गेली. ‘सगळे येथून हलवा’ अशीच अनेकांची सुरुवातीची मागणी होती, आणि जे सोसले ते पाहता ती स्वाभाविक होती. समितीपुढे परिसराचा मोठा नकाशा मांडला गेला आणि दूषित मातीच्या ठरावीक घनफळासाठी एकेक सोंगटी ठेवली गेली. जमीन किती साफ हवी ते सांगितले, की किती सोंगट्या उचलाव्या लागतील, त्या कोठे नेता येतील आणि खर्च किती येईल, हे नकाशावर दिसत असे. जमीन पूर्वीसारखी निर्मळ हवी म्हटले, तर शेजारच्या शेतांवरची सुपीक मातीसुद्धा खरवडून काढावी लागणार होती, आणि एवढी माती वाहून नेताना वाटेवरच्या गावांना होणारा त्रास व अपघातांचा धोका वेगळाच होता.

शेवटी १९९५ मध्ये समितीने शिफारस केली, की सर्वांत घातक ऐवज कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात पाठवावा आणि कमी दूषित परंतु प्रचंड प्रमाणातील माती आपल्याच भूमीवर ठेवावी. ज्यांच्यावर अन्याय झाला होता, त्यांनीच आपल्या वाट्याचे ओझे स्वीकारले. यजमान राज्यांची संमती मात्र गृहीत धरता आली नाही. सायलोंतला गाळ नेवाडात नेण्याचे ठरले होते. २००४ मध्ये त्या राज्याने हरकत घेतली आणि तो टेक्सासमध्ये न्यावा लागला. सरकारने आणि तज्ज्ञांनी बंद खोलीत निर्णय घेऊन तो लोकांना कळवला असता, तर ती टेकडी कोणी उभी राहू दिली असती असे मला वाटत नाही.

प्रश्न : विहिरींच्या पाण्याचे काय झाले?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाण्याचे काम २००६ मध्ये संपले नाही. कारखान्यातून वाहून जाणारे पावसाचे पाणी पॅडीज रन नावाच्या ओढ्यात उतरे. या ओढ्याचे पात्र चिकणमातीचा थर कापून खालच्या वाळू-खडीपर्यंत पोहोचले असल्याने युरेनियम थेट भूजलात मुरले. १९९० च्या दशकापासून तेथील भूजल पंपाने उपसून, गरजेप्रमाणे शुद्ध करून ग्रेट मायामी नदीत सोडले जात आहे. लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा गाठायची आहे. युरेनियम मूत्रपिंडांना घातक असल्याने जागतिक आरोग्य संघटनेनेही पिण्याच्या पाण्यासाठी हाच आकडा सुचवलेला आहे. वाळूच्या कणांना चिकटलेले युरेनियम सावकाश सुटते, त्यामुळे उपसा थांबवला की प्रमाण पुन्हा चढू शकते. म्हणून पंप दशकानुदशके चालवावे लागतात. आसपासच्या बाधित घरांना सार्वजनिक नळयोजनेचे पाणी दिले गेले आहे. भूजलाच्या तपासणीचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि सिनसिनाटीच्या वाचकांना त्यांविषयी प्रिझर्व्हच्या माहिती केंद्रात विचारता येईल.