कातळाच्या जमिनीत आंबा-काजू लावण्याआधी माती आणि पाणी कसं तपासावं?

प्रश्न असा आहे: रत्नागिरीजवळ, खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर 2 एकर जागा, वर कातळ, खालच्या उतारावर माती. आंबा-काजू लावायचा आहे, तर काय तपासावं आणि बोअर लगेच मारावी का?

बोअर इतक्यात नको. आधी शेडी किती खोलीवर लागते ते बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर जांभा (कातळाचा तांबडा दगड), त्याखाली शेडी (पांढरट-गुलाबी चिकणमाती, ओली केली की साबणासारखी बुळबुळीत) आणि तिच्याखाली काळवत्री (कठीण काळा दगड, बेसाल्ट). जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी भराभर उतरतं, शेडीवर अडतं आणि आडवं वाहत उताराला झऱ्याच्या रूपाने निघून जातं. म्हणून 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही कातळावरच्या विहिरी शिमग्यानंतर तळ दाखवतात. जवळच्या चिरेखाणीत किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये हे थर फुकटात बघायला मिळतात. पाणाड्याच्या (पाण्याची जागा सांगणाऱ्याच्या) तळहातावरचा नारळ उभा राहिला तरी शेडी कुठे सुरू होते ते तो सांगत नाही.

मग शेजारच्या विहिरी मोजा. वजन बांधलेली टेप सोडायची, कठड्याची उंची वजा करायची. एकदा ऑक्टोबरात, एकदा मेच्या मध्यावर. खरा आकडा मेचा. पावसाळ्यातली तुडुंब विहीर बघून व्यवहार करू नका. मेमध्येच पंपाने पातळी 1 मीटर खाली न्या, पंप बंद करा आणि तासाभरात किती चढते ते बघा. 4 मीटर व्यासाच्या गोल विहिरीत 30 सेंटीमीटर चढली तर तासाला साधारण 3,770 लिटर झाले. मात्र याला 24 ने गुणू नका. पातळी वर येते तसा भरण्याचा वेग मंदावतो.

खाडी जवळ असल्याने मचूळ पाण्याची परीक्षा वेगळी घ्या. 15 मिनिटं पंप चालवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून 1 लिटर नमुना घ्या, शक्यतो मेमधल्या उधाणाच्या भरतीला. मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) न वाचता विद्युतवाहकता (ईसी) वाचा. टीडीएसचा गुणक कंपनीगणिक बदलतो. 750 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आत असेल तर निर्धास्त, 2250 च्या वर असेल तर आंब्याला ते पाणी देऊ नका. मधल्या आकड्यांत उपसा वाढल्यावर पुन्हा तपासा, कारण गोड पाणी जास्त उपसलं की खालचं खारं वर सरकतं. रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून थरांचा रोध मोजणं) करून घेणार असाल तर एक मेख लक्षात ठेवा: शेडी आणि खारं पाणी दोन्ही कमीच रोध दाखवतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात परिसरातल्या निरीक्षण विहिरींची माहिती विचारा आणि सर्व्हेचे आकडे तिच्याशी ताडून बघा.

मातीचे नमुने कातळाचे वेगळे, उताराचे वेगळे. फळबागेला वरची वीतभर माती तपासून भागत नाही. 1 मीटर खोल खड्डा घ्या आणि 0-30, 30-60, 60-90 सेंटीमीटरचे नमुने स्वतंत्र ठेवा. लोखंडी घमेल्यात कालवू नका, लोह-जस्ताचे आकडे बिघडतात. सावलीत वाळवून प्रत्येकी अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. दापोलीचं कृषी विद्यापीठ किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करा. सामू (पीएच) बहुधा 5 ते 6.5 च्या दरम्यान येईल. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवतात, म्हणून खत टाकूनही झाडाला पोचत नाही. चुना अहवालात लिहिला असेल तेवढाच टाका.

कलमांसाठी कातळात फोडलेल्या खड्ड्यांपैकी एक पाण्याने भरा आणि मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. तिसऱ्या दिवशी पाणी जवळपास तेवढंच दिसलं तर तिथे पावसाळ्यात मुळं कुजणार. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला तळापर्यंत चर फोडल्याशिवाय तिथे कलम लावू नका.

एवढं करूनही बोअरच घ्यायची ठरली, तर केसिंगचे (भोक ढासळू नये म्हणून बसवायच्या पाइपचे) पैसे वाचवू नका. वरचा जांभा कठीण लागला की बोअरवाला 20 फुटांवर केसिंग थांबवतो. खालची शेडी मग भोकात ढासळते, पाणी गढूळ येतं आणि मोटर गाळात अडकते. केसिंग शेडी पार करून काळवत्रीत बसलं पाहिजे. दर 10 फुटांना निघणारा चुरा खोलीची चिठ्ठी लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायला लावा. केसिंग कुठे थांबवायचं ते त्यावरून तुम्हालाच कळेल.