आजीला सहा मुलं होती, आईला मी एकटी

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"आजीचं म्हातारपण घरच्यांनी किती निगुतीनं काढलं! मला आईचं तेवढंही होत नाही. मी वाईट मुलगी आहे का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या ठाण्याच्या या ताई 46 वर्षांच्या. एकुलत्या एक. आईवडील रत्नागिरी जिल्ह्यात गावी, आईला सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा मेंदूचा आजार. इकडे घरात 81 वर्षांच्या सासूबाई, मुलगा बारावीला. हा प्रश्न मला हल्ली फार ऐकू येतो.

मी कागद पुढे केला. आजीला मुलं किती? सहा. दोन सुना घरातच, लेकी जवळपासच्या गावांत दिलेल्या. आजी अंथरुणाला किती दिवस होती? आठ महिने.

"म्हणजे आजीचं करायला आठ माणसं, आठ महिने. आणि तुम्ही एकट्या, सहा वर्षं."

ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

1950च्या सुमारास भारतात बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण देशात 2.0 आणि महाराष्ट्रात 1.7 आलं. आयुष्य मात्र वाढलं. त्यात रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातून तरुण माणसं मुंबई-पुण्याला जातात. 2011च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 2001पेक्षाही कमी भरली. ताईंना ही सगळी आपलीच चूक वाटत होती.

मग मी विचारलं, बाबांना काय हवंय? ते कुणी विचारलंच नव्हतं. ठाण्याला येण्यावरून फक्त भांडणं झाली होती. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. बाबा म्हणाले, "दिवसाचं माझं मी बघतो गं. रात्री ही उठते, तेव्हा मला एकट्याला सावरत नाही."

अडचण रात्रीची होती! वाडीतल्याच एक बाई रात्री झोपायला येऊ लागल्या. पगार आणि सुट्ट्या आधी ठरवा, असा माझा आग्रह होता. ओळखीवर मागितलेली मदत महिनोन्‌महिने चालत नाही, आणि कुणाच्या कष्टाचा मोबदला न देणं मला पटतही नाही.

पुढच्या भेटीत ताई पुन्हा रडल्या. आईचं अक्षर आता वाचता येत नाही, म्हणाल्या. तिच्या हातची जुनी पत्रं त्यांनी सोबत आणली होती. तो तास आम्ही ती वाचत बसलो.