दाटी कर, पोरी

प्रिय पोरी,

तुझा परवाचा मेसेज वाचला. इंग्लंडमधली ती सिसिंगहर्स्टची बाग बघून घरी आलीस, आपल्या मागच्या अंगणाकडे पाहिलंस आणि आता तिथे प्लास्टिकचं गवत अंथरायचं म्हणतेस, कारण 'आपल्याला ते जमणार नाही'. फोनच करणार होते, पण फोनवर मी ओरडले असते.

तिथल्या मनोऱ्यावर चढलीस ना? वरून यू नावाच्या झाडाच्या कातरलेल्या भिंती आणि सरळ वाटा दिसल्या असतील. ती आखणी हॅरॉल्ड निकोल्सनची. आणि त्या चौकटीत एकमेकांवर रेललेली, वाटेवर सांडणारी झाडं त्याच्या बायकोची, लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टची. १९३० साली दोघांनी जागा घेतली तेव्हा तिथे पडक्या इमारती आणि कचरा होता. बागकामाचं रीतसर शिक्षण दोघांचंही नव्हतं. आधीच्या घरी हात मातीत घातले होते, तेवढंच. आठच वर्षांनी, १९३८ साली, एक शिलिंग घेऊन लोकांना आत सोडायला लागले.

तू तिथल्या पांढऱ्या फुलांच्या बागेतल्या फुलांची नावं टिपून आणलीस. नावं राहू देत. उघडी माती किती दिसली ते सांग. नाही ना दिसली? मग दाटी कर.

तुझ्याकडे मधे नुसतं गवत आणि कुंपणालगत वीतभर पट्टी. त्या पट्टीत शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी हातभर अंतरावर रोपं. मधल्या उघड्या मातीत तण येणार नाही तर काय? त्यात तुझी केंटची चिकणमाती. उघडी पडली की हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा.

हे गवताचं खूळ बड्या घरांचं. अठराव्या शतकात बागा आखणाऱ्या कॅपेबिलिटी ब्राउनने उमरावांच्या पायरीपर्यंत हिरवळ आणली. त्यांच्याकडे शेकडो एकर होते, गवत खायला मेंढ्या होत्या, आणि मेंढ्या दारात येऊ नयेत म्हणून दुरून न दिसणारा खंदक होता. त्याचं नाव हा-हा. मी थट्टा करत नाही. स्टोच्या बागेत जाऊन हे सगळं जरूर बघ. पण चाळीस फुटांच्या अंगणात ब्राउन कशाला?

त्यापेक्षा ग्रेट डिक्स्टरच्या बागेत जा, सिसिंगहर्स्टहून गाडीने जवळच आहे. तिथला मालक आणि माळी क्रिस्टोफर लॉइड याने १९९३ साली लुट्येन्ससारख्या वास्तुरचनाकाराने आखलेली गुलाबबाग उपटली आणि तिच्या जागी केळी, कर्दळ, डेलिया लावले. गुलाबवाले खवळले. त्याने दाटी केली. पुढे त्या आवारातल्या जिवांची पाहणी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त प्रकारचे जीव कुरणात नाही, रानातही नाही, या शोभेच्या बागेतच सापडले. लॉइड २००६ साली गेला. मी तासाभरावर राहत होते आणि दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यात जाऊ म्हणत राहिले. त्याला त्याच्या बागेत बोलताना ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

तुझ्या आजोळी गोव्यात कुळागर आहे ना? माडाखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, खाली केळ, अननस, हळद. तिथे कुणी विचारतं का, दोन झाडांत अंतर किती सोडू? इथेही तेच कर, झाडं इथली घे. पट्टी निदान सहा फूट रुंद कर, त्यासाठी गवत काप. मागे एखादं झुडूप, पुढे जिरेनियम, मधून फॉक्सग्लोव्ह. फॉक्सग्लोव्ह एकदा फुललं की स्वतःच बी टाकतं; त्याला जागा तू ठरवून देऊ नकोस. आणि माती दिसली की दाटी कर. पहिल्या उन्हाळ्यात फटी राहतीलच, तिथे कॉसमॉसचं बी फेक. पिशवीभर बियांना फारसे पैसे पडत नाहीत. तुझ्या प्लास्टिकला मात्र पडतील, आणि ते उन्हात तापेल ते वेगळं.

गोगलगायी येतील. येऊ देत. दाटीत एखादं पान खाल्लं गेलं तर कळतसुद्धा नाही. तुझ्या त्या प्रार्थनेच्या रांगेत कळतं.

माझ्या बागेला आमच्याकडे 'जंगल' म्हणतात, ठाऊक आहे. तुझे काका पाहुण्यांना हसत दाखवतात. शेजारच्या बाईंनी एकदा मला माळी सुचवला. पण संध्याकाळी चहाचा कप घेऊन सगळे बसतात कुठे? माझ्याच जंगलात. दोन खुर्च्यांपुरती जागा मी सोडलेली आहे, तिसरीला नाही, आणि सोडणारही नाही. काकांना हवी असेल तर त्यांनी घरात बसावं.

प्लास्टिकवाल्याला आजच नाही म्हणून कळव. ऑक्टोबरात ये. माझे जिरेनियमचे गड्डे फोडायचेच आहेत, अर्धे तुझे. डिकीत जुनी चादर अंथरून आण, आणि तो पांढरा कोट घालून येऊ नकोस.

तुझी,
काकू