कोविड होऊन सहा महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल, तरी ड्युटी झेपत नाही. नर्सने काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहात, रक्त आणि ईसीजी नॉर्मल आहे, तरी उभं राहिलं की धडधडतं आणि नाइट करून आल्यावर दोन दिवस अंथरूण सुटत नाही. घरचे म्हणतात, रोज चालायला जा, स्टॅमिना येईल.

चालायची घाई करू नका. आधी दोन आठवडे वहीत रोजची ड्युटी, झोप, पाळी आणि त्रास लिहा. साधा अशक्तपणा झोपेने उतरतो. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड बरा झाल्यावरही महिनोन्महिने राहणाऱ्या त्रासात, मात्र श्रम झाल्यावर १२ ते ४८ तासांनी, कधी आणखी उशिरा, अंग, डोकं, झोप सगळं एकदम कोसळतं. मंगळवारच्या डबल ड्युटीचा फटका गुरुवारी बसतो, म्हणून संबंध लक्षातच येत नाही. वहीत हा क्रम दिसला, तर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज एक फेरी वाढवत नेणं तुम्हाला मागे नेईल. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने अशाच लक्षणांच्या एमई/सीएफएस (दीर्घकाळ थकव्याच्या) आजारासाठी टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारा व्यायाम २०२१ मध्ये शिफारशींतून काढून टाकला.

धडधडीचं मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. ईसीजी झोपवून काढतात, त्यामुळे उभं राहिल्यावरचा बिघाड त्यात सापडत नाही. सकाळी चहा-नाश्त्याआधी १० मिनिटं शांत आडव्या पडा, शेवटी नाडी आणि बीपी घ्या. मग उठून भिंतीपासून टाचा १५ सेंटिमीटर पुढे ठेवून पाठ भिंतीला टेकवा आणि १० मिनिटं उभ्या राहा. दर मिनिटाला दोन्ही आकडे सोबतच्या माणसाने लिहायचे. घेरी आली तर लगेच आडवं व्हायचं. नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि बीपी घसरलं नाही, तर पॉट्सची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराची, शक्यता आहे. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं, तर प्रश्न बीपीचा आहे. चाचणी फसते ती पाय हलवत राहिल्याने, गप्पा मारल्याने किंवा बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू असताना केल्याने. हा कागद फिजिशियनला दाखवा. ‘धडधडतं’ या तक्रारीवर बहुतेकदा ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतं.

पॉट्स निघालं तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, त्यातलं अर्धा लिटर पलंगावरून उतरण्याआधी. डॉक्टरांच्या संमतीने मीठ वाढवायचं. बीपी, किडनी किंवा हृदयाचा विकार असेल तर अजिबात नाही. स्टॉकिंग्ज मांडीपर्यंतचे किंवा कमरेपर्यंतचे, २०-३० एमएमएचजी दाबाचे घ्या. घोट्यापुरत्या मोज्यांचा फारसा उपयोग नाही. नाडी कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल किंवा आयव्हाब्रॅडीन वॉर्डात हाताशी असलं, तरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल धोक्याचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लाँग कोविडची लक्षणं ‘दुसऱ्या निदानाने न उलगडणारी’ असावी लागतात, म्हणून बाकीची कारणं खरोखर तपासायला हवीत. ‘रक्त नॉर्मल’ म्हणजे नुसतं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) असेल, तर फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, एचबीएवनसी (साखर) आणि क्रिएटिनिन (किडनी) करून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट ही टीबीची चाचणी. आयसीयूत काम करणाऱ्याने टीबी गृहीत धरूनच चालावं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतले असतील आणि आता जांघेत दुखत असेल, तर दोन्ही खुब्यांचा एमआरआय. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो आणि हाड आतून मरत असतं. २००३ च्या सार्समध्ये बाधित झालेल्या बीजिंगच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना स्टेरॉइडनंतर हाच त्रास पुढे वर्षानुवर्षं राहिला.

आता ड्युटी. माझ्या मते तुमच्यासाठी औषधापेक्षा हे मोठं आहे. ‘फिट’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट घेऊन रुजू होऊ नका. त्यावर स्पष्ट लिहून घ्या: तीन महिने नाइट नाही, सलग उभं राहण्याचं काम नाही, चार तासांची पाळी. बसून होणारी कामं प्रत्येक रुग्णालयात असतात: डिस्चार्जचे कागद, इंडेंट, इन्फेक्शन कंट्रोलचं ऑडिट, नवीन मुलींचं ट्रेनिंग. कामावर मनगटी घड्याळात नाडी बघा. विश्रांतीच्या नाडीपेक्षा साधारण १५ ने वर गेली की दोन मिनिटं बसायचं, दम लागण्याची वाट बघायची नाही. घरी ड्युटीच्या आदल्या दिवशी कपडे, फरशी, बाजार यातलं एकच काम.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगारातून ईएसआयसीची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात होते का बघा. ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर प्रमाणित आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. सर्टिफिकेट मात्र ईएसआयसीच्या डॉक्टरांचं लागतं, म्हणून रजा टाकण्याआधीच तिथे नाव नोंदवून या.