कानांनी करायचा तपास

ब्रिटिश डिटेक्टिव्ह कथांच्या रेडिओ रूपांतरांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. खुनी कोण, हे कुठल्याही उत्तरात फोडलेलं नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

प्रश्न : होम्सच्या कथा वाचल्या आहेत, पण इंग्रजी श्रुतिका कधी ऐकलेल्या नाहीत. एकच होम्स चार-पाच नटांच्या आवाजात मिळतो. सुरुवात कोणापासून करावी?

क्लाइव्ह मेरिसन (होम्स) आणि मायकेल विल्यम्स (वॉटसन) यांच्यापासून. बीबीसी रेडिओ ४साठी या जोडीनं १९८९ ते १९९८ या काळात ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, म्हणजे कॉनन डॉयलनं लिहिलेला अख्खा होम्स सादर केला. मुख्य रूपांतरकार होते बर्ट कूल्स. कथेची श्रुतिका साधारण ४५ मिनिटांची आहे, तर कादंबऱ्या तासातासाच्या दोन भागांत आहेत. विल्यम्सचा वॉटसन बावळट नाही. तो लढाई पाहून आलेला, शहाणा, मायाळू डॉक्टर आहे, आणि त्यामुळेच होम्सचा तुटकपणा ऐकवतो.

पहिली श्रुतिका 'द स्पेकल्ड बँड' लावा. इथे सुगावाच मुळी आवाजाचा आहे. मध्यरात्री ऐकू येणारी हलकी शीळ आणि त्यानंतर धातूचा खणखणाट. वाचताना आपण त्यावरून पुढे सरकतो. ऐकताना मात्र अंधाऱ्या खोलीत होम्स आणि वॉटसनबरोबर आपणही श्वास रोखून बसतो.

जुन्यांपैकी कार्लटन हॉब्स आणि नॉर्मन शेली (१९५२ ते १९६९) यांचे शब्द स्वच्छ आहेत, पण सादरीकरणावर रंगभूमीची छाप आहे. १९५४च्या मालिकेत जॉन गिलगुड होम्स, राल्फ रिचर्डसन वॉटसन आणि 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये ऑर्सन वेल्स मोरिआर्टी, म्हणजे होम्सचा कट्टर शत्रू, आहेत. ती एकदा तरी ऐकावीच. बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांची मालिका अमेरिकन आहे. अर्ध्या तासात मध्येच वाइनच्या जाहिराती येतात आणि पुष्कळ कथा डॉयलच्या नसून रेडिओसाठी नव्यानं रचलेल्या आहेत. मूळ होम्स हवा असेल तर ती नंतर.

अगाथा ख्रिस्तीकडे वळाल तेव्हा तिचे दोन डिटेक्टिव्ह, जॉन मॉफटचा प्वारो आणि जून व्हिटफील्डची मिस मार्पल, घ्या. काही श्रुतिका सलग दीड तासाच्या, काही अर्ध्या तासाच्या पाच भागांच्या आहेत. डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी इयन कार्माइकलच्या आवाजात मिळतो. त्यातली 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. सहा संशयित चित्रकार, स्कॉटिश बोली आणि आगगाड्यांचं वेळापत्रक, एवढं सगळं पहिल्याच फेरीत कानात मावत नाही.

प्रश्न : दहा मिनिटांत आठ पात्रं येतात आणि सगळ्या सुशिक्षित इंग्रज पुरुषांचे आवाज मला सारखेच वाटतात. काय करावं?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि दोष तुमच्या इंग्रजीचा नाही. पुस्तकात नाव ओळीओळीला छापलेलं असतं, रेडिओवर ते फक्त कोणी उच्चारलं तरच मिळतं. म्हणून रूपांतरकार सुरुवातीच्या प्रसंगांत पात्रांना एकमेकांची नावं मुद्दाम घ्यायला लावतो. ओळख पटली की नावं थांबतात. पहिली १५ मिनिटं हातातलं काम करत ऐकलीत, तर पुढचा दीड तास 'हा कोण?' यातच जातो.

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा : नाव, मृताशी नातं, आवाजाबद्दल एकच शब्द. खर्जातला, घोगरा, धापा टाकणारा, शब्द चावणारा, असा. याहून जास्त लिहू नका, लिहिण्याच्या नादात पुढचं वाक्य निसटतं. बटलर दारात उभा राहून पाहुण्यांची नावं पुकारतो तिथे थांबवा. ती संशयितांची यादीच असते. पहिली १५ मिनिटं संपली की तेवढीच पुन्हा ऐका आणि मग सलग पुढे जा.

संबोधनांतही एक खोच आहे. एकच माणूस कोणाला 'एडवर्ड', कोणाला 'सर एडवर्ड', तर बालमित्राला 'नेड' असतो. 'सर'च्या बायकोला 'लेडी' आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. बटलरला नुसत्या आडनावानं हाक मारतात. स्वयंपाकीण आणि हाउसकीपर यांना मात्र अविवाहित असल्या तरी मानानं 'मिसेस' म्हणायची रीत होती. तेव्हा 'मिसेस अमुक'चा नवरा शोधत बसू नका.

वेग वाढवून तर ऐकूच नका. उत्तर देण्याआधी पात्र क्षणभर थांबलं, हाही पुरावा असतो आणि वेग वाढवला की पहिल्यांदा तोच बुजतो. शब्द निसटला तर १५ सेकंद मागे जा.

प्रश्न : एका श्रुतिकेत गृहस्थ बागेतून 'खिडकीतून' दिवाणखान्यात येतो आणि घरातली बाई दचकत नाही, उलट चहा विचारते! माझं काही चुकतंय का?

ती 'फ्रेंच विंडो'. नावाला खिडकी, प्रत्यक्षात जमिनीपर्यंत टेकलेलं, बागेत उघडणारं काचेचं दुपाखी दार. इंग्लंडमधल्या बड्या घरांच्या गोष्टीत ते फार महत्त्वाचं असतं, कारण पुढच्या दाराशी बटलर असतो, इथे कोणीच नसतं. 'फ्रेंच विंडोला आतून कडी होती का?' हा प्रश्न कानावर पडला की कागदावर खूण करा.

अशाच आणखी काही जागा. 'इन्क्वेस्ट' म्हणजे खटला नव्हे. मृत्यू कसा झाला हे ठरवण्यासाठी कॉरोनरपुढे, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, होणारी ती चौकशी, म्हणून तिथे आरोपीचा पिंजरा नसतो. स्कॉटलंड यार्ड हे लंडनच्या पोलिसांचं मुख्यालय. परगण्यातला चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे तिथल्या पोलिसांचा प्रमुख, प्रकरण हाताबाहेर गेलं की यार्डचा माणूस बोलावतो, आणि स्थानिक इन्स्पेक्टरच्या आवाजातला कडवटपणा तिथून येतो. १५ फेब्रुवारी १९७१पर्यंत पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स होते. गिनी म्हणजे २१ शिलिंग, डॉक्टर-वकिलांची फी बहुधा गिनीत सांगत.

प्रश्न : बोलणं पुटपुटल्यासारखं आणि पिस्तुलाचा बार कानठळ्या बसवणारा. आवाज सारखा कमी-जास्त करावा लागतो.

या श्रुतिका शांत खोलीत बसून ऐकण्यासाठी मिसळलेल्या असतात, म्हणून कुजबुज आणि स्फोट यांत अंतर मोठं ठेवतात. ॲपमध्ये आवाजाची पातळी समान ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. इक्वलायझरमध्ये खालचा बास थोडा उतरवा आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३ डेसिबल चढवा, व्यंजनं उघडी पडतात. 'सराउंड'सारखे परिणाम बंद. आणि एकाच कानात इअरफोन घालत असाल तर फोनमध्ये 'मोनो' निवडा, म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज एकाच कानात येतात. स्टिरिओ श्रुतिकेत एक पात्र डावीकडे, दुसरं उजवीकडे ठेवलेलं असतं. एक कान मोकळा ठेवलात, तर त्या बाजूचा साक्षीदार जवळजवळ गेलाच.

प्रश्न : डिटेक्टिव्ह कथेत वाचकाला सगळे सुगावे समोर ठेवायचे असतात. रेडिओवर काही दिसतच नाही, मग हा डाव श्रोत्याशी प्रामाणिक राहतो का?

चांगल्या रूपांतरात राहतो, फक्त सुगाव्याची जागा बदलते. पावलाचा ठसा, जळक्या कागदाचा कपटा, थांबलेलं घड्याळ हे सगळं कोणीतरी बोलून दाखवावं लागतं. कच्चा लेखक तिथे फसतो. 'अरेच्चा, गालिच्यावर हा मेणाचा डाग!' असं पात्र स्वतःशीच ओरडलं की श्रोता लगेच सावध होतो. मुरलेला लेखक तीच गोष्ट भांडणात दडवतो. मोलकरीण कामाचा पाढा वाचते, गालिच्यावरचं मेण खरवडावं लागल्याची कुरकुर करते, आपण तिच्या वैतागाकडे लक्ष देतो आणि मेण विसरतो. म्हणून नोकरमाणसांची बडबड कान देऊन ऐका. कागदावर चौथा रकाना आखायचाच तर तो त्यांच्या तक्रारींचा आखा.

होम्सचं काम सोपं आहे, कारण वॉटसन मुळातच निवेदक आहे. नकाशे आणि आकृत्या मात्र रेडिओला जड जातात. 'द डान्सिंग मेन'मधली नाचऱ्या माणसांची लिपी किंवा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मधल्या डब्याचा आराखडा ऐकून डोळ्यांपुढे येत नाही. ऐकण्याआधी पुस्तकातलं तेवढंच पान बघून घ्या. त्यानं रहस्य फुटत नाही, उलट कोणाचं दार कोणाशेजारी हे कळतं.

सगळ्यात अवघड सुगावा न झालेल्या आवाजाचा. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही, यावर होम्सचं बोट आहे. पानावर हे वाक्य पुरतं. रेडिओवर शांतता म्हणजे नुसती शांतताच, ती 'कुत्र्याची' आहे हे श्रोत्याला कोण सांगणार? उपाय एकच : कुत्रा एरवी भुंकतो हे आधी कानावर घालायचं आणि त्या रात्रीच्या वर्णनातून त्याला अलगद वगळायचं. ही कथा पुन्हा ऐकाल तेव्हा तबेल्यातले प्रसंग सुटे करून ऐका.

प्रश्न : पॉल टेंपलच्या एकाच गोष्टीचे नट वेगवेगळे कसे?

टेंपल हा फ्रान्सिस डर्ब्रिजनं १९३८ साली रेडिओसाठीच जन्माला घातलेला नायक. त्याच्या जुन्या मालिकांची कित्येक ध्वनिमुद्रणं हरवली, संहिता उरल्या. १९५४ ते १९६८ या काळातला पीटर कोकचा टेंपल आणि मार्जरी वेस्टबरीची स्टीव्ह, म्हणजे टेंपलची बायको, बऱ्याच अंशी मिळतात. हरवलेल्यांपैकी काही बीबीसीनं २००६पासून क्रॉफर्ड लोगन आणि गेर्डा स्टीव्हन्सन यांना घेऊन मूळ संहितेवरून पुन्हा केल्या. दोन्ही अस्सल आहेत. दर भाग टांगणीवर संपतो, म्हणून आठवड्याला एक न ऐकता रोज एक ऐका.

प्रश्न : विकत घेतली ती श्रुतिका निघाली नाही, एकच माणूस पुस्तक वाचत होता. घेताना कसं ओळखायचं?

वर्णनात 'फुल-कास्ट ड्रामटायझेशन', म्हणजे सगळ्या नटसंचाची श्रुतिका, हे शब्द शोधा. 'रीड बाय' आणि पुढे एकच नाव असेल तर ते वाचन. लांबीही सांगते : ख्रिस्तीच्या कादंबरीचं पूर्ण वाचन सहा-सात तासांचं, श्रुतिका दीड ते अडीच तासांची. 'अब्रिज्ड' म्हणजे काटछाट केलेलं वाचन, आणि रहस्यकथेत ते कटाक्षानं टाळा. कापताना पहिल्यांदा मोलकरणीच जातात.

प्रश्न : आम्हा सहा जणांना होम्सची एक कथा मराठीत श्रुतिका करून ध्वनिमुद्रित करायची आहे. काय सांभाळावं?

आधी हक्क. कॉनन डॉयल १९३०मध्ये वारला, लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हा ब्रिटिश नियम धरला तरी त्याच्या मूळ कथा मोकळ्या झाल्या आहेत. ख्रिस्ती १९७६मध्ये वारली, तिच्या कथांना परवानगी लागेल. बीबीसीची संहिता मात्र उचलू नका, ती रूपांतरकाराची. मूळ कथेवरून स्वतः लिहा.

अर्ध्या तासाला सुमारे ३३०० शब्द धरा, म्हणजे मिनिटाला ११०. संहितेची पानं सुटी, एकाच बाजूला छापलेली ठेवा. टाचलेली पानं उलटताना होणारी सळसळ नंतर काढता येत नाही. भिंतींना जाड गोधड्या टांगा. नेहमीचं बोलणं माइकपासून एक वीत अंतरावरून, कुजबुज त्याहून जवळून आणि थोडी तिरकी, नाहीतर 'प' आणि 'फ'चा फटका बसतो. बाहेरून येणाऱ्या माणसानं दोन-तीन मीटर दूर, पाठमोरं उभं राहून सुरुवात करावी आणि बोलत पुढे यावं. नुसता आवाज लहान-मोठा केलात तर माणूस चालल्यासारखं वाटत नाही.

वाळूखडी भरलेला उथळ ट्रे घडी केलेल्या चादरीवर ठेवा, त्यावर पाय वाजवले की बागेतली वाट. माती भरलेल्या ट्रेवर दोन करवंट्या आपटल्या की घोडागाडी. सेलोफेन हलके चुरगाळला की शेकोटी. दारासाठी खरं दारच वापरा. टेलिफोनवरच्या आवाजाला ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्झच्या वरचं कापून टाका.

ध्वनिमुद्रण संपलं की कोणीही लगेच बाहेर पडू नका. सगळ्यांनी गप्प बसून त्याच खोलीची एक मिनिट शांतता मुद्रित करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते. पूर्ण निःशब्द तुकडा टाकलात तर श्रोत्याला वाटतं यंत्र बंद पडलं.