अभिरुची चाचणीचा निकाल आला, आता पुढे?

शाळेतील विद्यार्थ्यांना करिअर मार्गदर्शन करण्याचे काम तुम्ही नव्यानेच हाती घेतले आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातील वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि पारंपरिक या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर अनेक अभिरुची चाचण्या आधारलेल्या आहेत. त्या उपयुक्त आहेतच. मात्र त्यांतून आवड कळते, क्षमता नव्हे, आणि बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा निकाल ‘सामाजिक’, म्हणजे इतरांना मदत करण्याची, शिकवण्याची आवड असलेली, असा होता आणि सर्वांनी तिला शिक्षिका होण्याचा सल्ला दिला होता. स्नेहसंमेलनाविषयी विचारल्यावर तिने वही उघडली. कोण किती वाजता येणार, माइक कोणाकडे, पडदा कोण ओढणार, असे सारे रकाने तिने पट्टीने आखले होते, आणि त्यांविषयी बोलताना तिचा चेहरा खुलला. तिचा खरा ओढा नियोजनाकडे होता, हे त्या वहीने दाखवले. म्हणून निकाल वाचण्याआधी मुलाने आपणहून केलेले काम पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर मुलाला त्याच्या आवडीच्या क्षेत्रातील व्यक्तीसोबत एखादा दिवस घालवू द्यावा. ‘तुमचे काम कसे असते?’ या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर मिळते. ‘काल सकाळपासून तुम्ही काय काय केले?’ असे विचारले, तर कंटाळवाणा भागही समोर येतो. पालकांना या चर्चेत सुरुवातीपासूनच सामील करून घ्या.