डिचोलीहून मिनेसोटाला कुत्रा-मांजर आणताना

बाय, जानेवारीत मिनियापोलिसला येतेस, सोबत कुत्रा आणि मांजर आहे, तर थंडीत त्यांचं कसं करायचं, असं तू विचारलंस. थंडीचं इथे कुणीही शिकवेल. मी तुला गॅरेजमधल्या हिरव्या पाण्याबद्दल सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांना मात्र आजच लाग. कुत्र्यांच्या रेबीजसाठी अमेरिका भारताला जास्त धोक्याच्या देशांत धरते, आणि ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झालेत. कुत्र्याला आधी मायक्रोचिप, मगच लस. उलट केलंस तर ती लस धरत नाहीत. रक्ततपासणीलाही आठवडे जातात, आणि कुत्रा मोजक्याच विमानतळांवर उतरवता येतो.

आता हिरवं पाणी. इथे ज्याला अँटिफ्रीझ म्हणतात ते आपल्या मेकॅनिककडचं कूलंटच. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. चव गोड, म्हणून कुत्रं ते चाटतं. चार किलोच्या मांजरीला निव्वळ द्रव सहा मिलिलिटर, म्हणजे सव्वा चमचा, जीव घ्यायला पुरतो. मांजरीला ते थेट प्यावंही लागत नाही, पंजे भिजले की ती स्वतःच चाटून साफ करते.

आमचा कुत्रा मोती, गोव्यातल्या साखळी गावचा, गावठी. पहिल्याच मार्चमध्ये बर्फ वितळत असताना शेजारच्या गाडीखाली त्याच हिरव्या पाण्याचं थारोळं साचलं होतं. संध्याकाळी मोती असा झोकांड्या खाऊ लागला, जणू सांजावच्या सणाला फेणी ढोसून विहिरीत उडी मारायला निघालाय. आम्ही हसलो. त्याला उलटी झाली, सारखा पाणी पीत होता. सकाळी उठून शेपटी हलवत दाराशी आला. मी म्हटलं, झालं बरं, आणि कामावर गेलो.

चुकलो ते तिथेच. ते बरं वाटणं म्हणजे विष संपणं नव्हे. यकृत ग्लायकॉलचं आम्लांत रूपांतर करत असतं, शेवटी ऑक्झॅलेट तयार होतं, ते कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडात बारीक स्फटिक धरतं. तिसऱ्या दिवशी मोतीची लघवी बंद झाली. डॉक्टरांच्या हातात तेव्हा काही उरलं नव्हतं.

उतारा आहे: फोमेपिझोल. विषाचं रूपांतर करणारं एन्झाइमच ते अडवतं. पण कुत्र्याला साधारण आठ ते बारा तासांत, मांजरीला तीन तासांच्या आत मिळालं तरच खरा उपयोग. ते नसेल तर डॉक्टर शिरेतून अल्कोहोल देतात; एन्झाइम त्यात गुंतून पडतं आणि ग्लायकॉल तसंच लघवीतून जातं. म्हणून घरी बशीत फेणी ओतू नकोस हां, आमच्या एका मित्राने खरंच विचारलं होतं! मात्रा चुकली तर तीच मारते. संशय आला की फोन लाव आणि निघ, लक्षणांची वाट बघू नकोस. बाटली मिळाली तर सोबत ने.

२०१२ च्या शेवटी इथल्या उत्पादकांनी किरकोळ विक्रीच्या अँटिफ्रीझमध्ये कडू द्रव्य घालायचं मान्य केलं, पण त्यावर विसंबू नकोस. कडू असूनही जनावरं पितात. प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ मिळतं, ते खूपच कमी विषारी. तुमच्या गाडीत तेच चालतं का, मेकॅनिकला विचार. पण शेजाऱ्याच्या गाडीत काय आहे हे तुझ्या हातात नाही, तेव्हा बर्फ वितळायच्या दिवसांत कुत्रा पट्ट्याशिवाय सोडूच नकोस. घरात सांडलं तर मांजरीची वाळू ओत, ती ते शोषून घेते. मग पिशवीत बांधून टाक आणि जागा धुऊन काढ.

घर ठरलं की रात्री उघडं असणारं जनावरांचं इस्पितळ शोध आणि फोमेपिझोल ठेवता का, हे फोन करूनच विचार. आमच्या जवळच्यांकडे नव्हतं. दुसरं पंचेचाळीस मिनिटांवर, तेही रस्ता साफ असेल तर.